पंपाचं वाक्य

नाना राज्यसभेत सहा वर्षं होते आणि त्या सहा वर्षांत दिल्लीत ते जे काही बोलले त्यातलं बरंचसं आधी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून गेलं. हे मी फुशारकीने सांगत नाही. सांगायचं कारण असं की त्यातली एक चूक माझी आहे आणि ती जवळजवळ दिल्लीच्या नावावर खपलीच होती.

मी तेव्हा जळगावात एका शाळेत हिंदी शिकवत होते. माहेर जवळच्याच असोदा गावचं, केळीच्या बागांचं. बोलणं असोद्याचं आणि शिकवणं शुद्ध हिंदी, त्यामुळे दोन्हीकडची माणसं मला हसत आणि मी दोन्हीकडच्यांच्या चुका काढत असे. लाल शाईचं पेन माझ्या पर्समध्ये कायम असे. लग्नाच्या पत्रिकासुद्धा मी दुरुस्त करून ठेवल्या आहेत. स्वभावाला औषध नसतं, निदान माझ्या तरी नव्हतं.

नाना आमच्या समोरच्या घरात राहत. मूळचे धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात आले आणि इथलेच झाले. त्यांचा पक्ष एवढासा. आयुष्यभर विरोधात बसलेला, आणि सत्ता चुकून मिळाली असती तर गोंधळून पुन्हा विरोधातच जाऊन बसला असता असा. दोन मोठ्या पक्षांच्या भांडणात राज्यसभेची एक जागा तिसऱ्याच्याच पदरात पडली आणि ते तिसरे आमचे नाना निघाले. बातमी आली तेव्हा ते गच्चीवर पाण्याची टाकी धूत होते. खाली येऊन त्यांनी आधी हात पुसले आणि मग विचारलं, ‘‘म्हणजे आता दिल्लीला राहावं लागेल का?’’

लोकसभेच्या खासदाराला मतदारसंघ असतो. राज्यसभेच्या खासदाराला तसा नसतो. नानांनी आणि लोकांनी याचा अर्थ असा लावला की सगळा खानदेशच त्यांचा. पाचोऱ्याहून माणसं येत, यावलहून येत, धुळ्याकडच्या खेड्यांतून दोन-दोन एसट्या बदलून येत. स्वतःच्या भागाचा खासदार भेटला नाही की लोक म्हणत, चला, बिनमतदारसंघाच्याकडे जाऊ.

पहिली अडचण भाषेची आली. इंग्रजी नानांना येत नव्हतं. मराठीत बोलायचं तर आधी कळवावं लागे, म्हणजे दुभाष्याची सोय करता येई. आणि आपण बोलणार आहोत हे नानांना बहुधा बोलायला उभं राहिल्यावरच कळे. राहिली हिंदी. नाना हिंदी शिकले होते ती बऱ्हाणपूरच्या बैलबाजारात. त्या हिंदीत सौदा उत्तम होई, पण राष्ट्रीय धोरण काही केल्या होत नसे. म्हणून एका रविवारी ते कागदांचा गठ्ठा घेऊन रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, ‘‘बाई, याचं जरा हिंदी करा. तुमचं करा, माझं नको.’’

तेव्हापासून मी राष्ट्राच्या कामाला लागले.

नानांची भाषण लिहायची एक रीत होती. अधिवेशनाच्या आधीच्या रविवारी सकाळी ते आपल्या ओट्यावर बसत आणि भाषण मोठ्याने वाचून दाखवत. समोर जे कोणी कामासाठी आलेले असतील ते सगळे श्रोते. वाचून झालं की नाना विचारत, ‘‘काही राहिलं का?’’ हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता, हे मी त्यांना सहा वर्षं सांगितलं. कारण राहिलेलंच असे. पाचोऱ्याचे गृहस्थ म्हणत, सगळं छान आहे, फक्त आमच्याकडे अमुक गाडी थांबत नाही एवढं त्यात टाका. यावलचे म्हणत, केळीला वॅगनी वेळेवर मिळत नाहीत, तेही त्यातच बसवून द्या. कोणाचा टेलिफोन दोन वर्षं मंजूर होऊन पडलेला, कोणाच्या गावच्या रस्त्याची मोरी वाहून गेलेली. नाना एकालाही नाही म्हणत नसत. समासात लिहून घेत, समास संपला की मागच्या बाजूला, आणि तीही संपली की कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. ‘‘त्या माणसानं दोन एसट्या बदलल्या बाई,’’ असं ते मला सांगत, ‘‘त्याचं एक वाक्य बदललं तर काय बिघडतं?’’

त्यामुळे संसदेतल्या कोणत्याही चर्चेत नानांचं भाषण कुठून निघालं तरी मुक्कामाला खानदेशातच येई. राष्ट्रीय वस्त्र धोरणावर बोलताना कापूस आला, ते ठीकच होतं. दूरसंचाराच्या धोरणात त्यांनी तो मंजूर होऊन पडलेला टेलिफोन आणला, त्यालाही माझी हरकत नव्हती. पण परराष्ट्र धोरणावरच्या चर्चेतही केळीच्या वॅगनी आल्या, तेव्हा म्हणे सत्ताधारी बाकांवरचे लोकसुद्धा बाकं वाजवून हसले. नाना परत आल्यावर मी विचारलं की परराष्ट्राचा आणि वॅगनीचा संबंध काय. ते म्हणाले, ‘‘वॅगन वेळेवर मिळाली तर केळी परराष्ट्रात जाईल ना.’’ 

एकदा सगळ्या विरोधी पक्षांनी सभात्याग केला. नाना त्या वेळी बाहेर चहा घेत होते. चहा संपवून आत आले तर विरोधी बाकं रिकामी. त्यांना वाटलं जेवायची सुट्टी झाली असेल, म्हणून ते शांतपणे आपल्या जागी जाऊन बसले. देशाचा सगळा विरोध त्या दिवशी पाऊण तास आमच्या नानांनी एकट्याने केला, असं आम्ही गल्लीत सांगत असू. पक्षाने त्यांच्याकडे खुलासा मागितला. तो खुलासाही मीच लिहिला आणि त्यात चहाचा उल्लेख गाळला.

सकाळी रेडिओवर संसदेचा आढावा लागे. अधिवेशन चालू असलं की अर्धी गल्ली नानांच्या ओट्याशी येऊन तो ऐकत असे. मंत्र्यांची नावं येत, विरोधी नेत्यांची येत आणि शेवटी निवेदक म्हणे, चर्चेत अन्य सदस्यांनीही भाग घेतला. हे ‘अन्य’ ऐकलं की सगळे एकमेकांकडे बघत आणि खूश होत. ते अन्य म्हणजे आमचे नाना.

अन्य सदस्यांना किती वेळ मिळतो हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पक्षाच्या डोक्यांच्या हिशोबाने वेळ वाटून देतात. नानांच्या पक्षाची डोकी चार, म्हणून वेळ पाच मिनिटं. पाच मिनिटं झाली की घंटा वाजते, आणखी थोड्या वेळाने दुसऱ्यांदा वाजते आणि मग पुढच्या माणसाचं नाव पुकारतात. नाना मात्र ओट्यावरची एकोणीस-वीस पानं घेऊन उभे राहत. घंटा वाजे तेव्हा ते बहुधा पाचोऱ्याच्या आसपास असत. मुद्द्याला पोचायच्या आत खाली बसायची पाळी येई. हे समजल्यावर मी काम अंगावर घेतलं. म्हटलं, ‘‘नाना, यापुढे लोकांचं तुम्ही ऐका. काय ठेवायचं ते मी ठरवते.’’ शाळेत निबंध तपासणाऱ्या बाईला याहून गोड अधिकार कोणता? नानांनी तो आनंदाने दिला. ते हल्ली जरा बरे बोलायला लागले, असं दिल्लीतल्या कोणीतरी म्हटल्याचंही कानावर आलं आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पंचायतींना घटनेत जागा देणाऱ्या विधेयकाची चर्चा आली. नाना त्या विषयावर खरोखर पेटलेले होते. इतर वेळी ते लोकांचं बोलत, या वेळी त्यांचं स्वतःचं काही होतं. तरुणपणी ते गावचे सरपंच होते. त्या दहा वर्षांत, त्यांच्या शब्दांत, त्यांनी फक्त अर्ज पुढे पाठवले. विधेयकाला त्यांचा पाठिंबा होता आणि रागही. ‘‘निवडणूक देतील,’’ ते म्हणत, ‘‘खुर्ची देतील. हार घालायला मान देतील. पण कोणतं काम गावानं कोणाला न विचारता करायचं, त्याची यादी कुठे आहे? राज्याला वाटलं तर देणार, नाही वाटलं तर नाही. दिल्ली मुंबईला म्हणणार तू दे, मुंबई जळगावला म्हणणार तू दे, जळगाव म्हणणार अर्ज करा.’’ हे त्यांनी ओट्यावर म्हटलं तेव्हा मीसुद्धा हातातलं पेन खाली ठेवलं. माणूस खरं बोलत होता.

त्या रविवारी ओट्यावर एक अक्का आली होती. धुळ्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. पन्नाशीची, अंगाने काटक, ग्रामपंचायतीत सभासद. चौथीपर्यंत शिकलेली आणि त्या चौथीचा पुरेपूर उपयोग करणारी. भाषण संपल्यावर सगळ्यांनी आपापल्या गाड्या, मोऱ्या, वॅगनी टाकून घेतल्या. अक्का शेवटपर्यंत थांबली. मग म्हणाली, ‘‘नाना, मना एकच वाक्य शे.’’

तिच्या गावात एक हातपंप होता. बायांना पाणी तिथूनच. पंप बिघडला की ग्रामपंचायत तालुक्याला कळवी, तालुका जिल्ह्याला, आणि जिल्ह्याहून दुरुस्तीची गाडी यायला तीन महिने लागत. मधल्या काळात बाया लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत. बिघाड बहुतेक वेळा एवढाच, की आतलं वॉशर झिजलेलं. गावात एक सायकल दुरुस्त करणारा होता. त्याने एकदा लोहाराकडून पाना करून घेतला, पाइप वर ओढले, चामड्याचं वॉशर कापून बसवलं. तासाभरात पाणी आलं. तीन महिन्यांनी सरकारी गाडी आली, पंप चालू दिसला, आणि सरकारी मालमत्तेला विनापरवानगी हात लावला म्हणून सरपंचाला नोटीस आली. सरपंच घाबरला. पाना जप्त झाला. आता पंप पुन्हा बंद होता, सायकलवाला समोरच बसलेला होता आणि कोणी पंपाकडे बघतसुद्धा नव्हतं.

‘‘मी पंचायतमा मेंबर शे,’’ अक्का म्हणाली. ‘‘पन मना गावना पंपले मी हात लावू शकस नही. तुम्ही दिल्लीमा इतलंच सांगा. आम्हना गावना पंप आम्हीच खोलसूत. पाना आम्हना हातमा द्या.’’

नानांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. अक्काने विचारलं, ‘‘कागदवर येई ना?’’

‘‘येई,’’ नाना म्हणाले. ‘‘तठे बोलेल बठ्ठं कागदवर येस.’’ बठ्ठं म्हणजे सगळं.

‘‘मंग तो कागद मी तालुकाना सायबना टेबलवर ठेवसू.’’

संसदेत बोललेलं म्हणजे हुकूम, असं आमच्याकडे पुष्कळांना वाटत असे. नानांनाही ते थोडं वाटत असावं, कारण त्यांनी तिचा गैरसमज दूर केला नाही. ती दोन एसट्यांनी परत गेली. जाताना ओट्यावर सगळ्यांसमोर त्यांनी तिला शब्द दिला होता.

दुपारी नाना बावीस पानं घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांचं अडीच पानांत हिंदी करायला बसले. गाड्या गेल्या, मोऱ्या गेल्या, वॅगनी गेल्या. हे सगळं जायलाच हवं होतं आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. खाली अधिकार द्या म्हणायचं आणि त्याच श्वासात दिल्लीकडे बेचाळीस कामं मागायची, याला काही अर्थ नव्हता. मग पंप आला. मी ते वाक्य दोनदा वाचलं. एवढं मोठं सभागृह, घटनेची दुरुस्ती, देशभरातले पुढारी, आणि त्यात वॉशर आणि पाना. मला लाज वाटली, खरं सांगते. वर्गात एखादा मुलगा ‘मेरा प्रिय नेता’ या निबंधात नेत्याच्या चपलांचं वर्णन करतो तेव्हा वाटते तशी. मी त्यावर लाल रेघ मारली आणि त्या जागी माझं वाक्य लिहिलं : ‘महोदय, लोकतंत्र का वटवृक्ष तभी हरा रहेगा जब उसकी जड़ों को ग्राम की मिट्टी का रस मिलेगा।’ ते मी स्वतःला मोठ्याने वाचूनही दाखवलं. फार आवडलं मला.

नानांनी कागद घडी करून खिशात ठेवले. त्यांनी विचारलं, ‘‘सगळं आलं ना?’’ मी म्हटलं, ‘‘महत्त्वाचं सगळं आलं.’’ ते माझ्यावर विसंबून गेले.

पुढे रेडिओवर आढावा लागला, ‘अन्य सदस्यांनीही’ झालं, गल्लीने एकमेकांकडे पाहिलं. मी मनात माझ्या वटवृक्षाला पाणी घालत होते. पंधरा दिवसांनी अधिवेशन संपलं आणि नाना परत आले. सभासदाला त्याच्या भाषणाची टाइप केलेली प्रत मिळते, शब्द तपासायला म्हणून. तिची एक नक्कल त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

पहिलं दीड पान माझं हिंदी, काना-मात्रेसकट. वटवृक्ष होता. आणि त्यानंतर असं :

‘महोदय, एक बात और है, वह इसी कागज में थी... (समय की घंटी) ...एक बहन का गाँव है, वहाँ एक पंप... (समय की घंटी) ...महोदय, पाना... (व्यवधान)’

त्याखाली पुढच्या सदस्याचं नाव होतं.

नाना म्हणाले, ‘‘पान उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. मला वाटलं चिकटून राहिलं असेल. शोधण्यातच वेळ गेला.’’ राज्यसभेत कागद उलटसुलट करणारे नाना मला डोळ्यांसमोर दिसले.

‘‘ते मी घेतलं नव्हतं, नाना,’’ मी म्हटलं. ‘‘मला ते किरकोळ वाटलं.’’

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचा कागद उचलून नीट घडी घातली. ‘‘असू द्या,’’ म्हणाले. ‘‘अक्काला मी सांगतो काय ते.’’

त्यांनी काय सांगितलं ते मला दुसऱ्या दिवशी अक्काकडूनच कळलं. नाना आल्याची बातमी लागताच ती आली, नानांकडून तो कागद घेतला आणि हिंदी वाचायला रस्ता ओलांडून थेट माझ्या दारात उभी राहिली. शाळेला सुट्टी होती. मी वाटाणे सोलत होते. ती समोर खाली बसली, चहा नको म्हणाली आणि कागद पुढे केला. ‘‘बाई, हाई वाची दाखाड. नानानी सांगं, दिल्लीवालास्नी बोलू दिन्हं नही. मी म्हंतं, किती बोलू दिन्हं ते ते देखू.’’

नाना आयुष्यभर सरकारला दोष देत आले होते आणि बहुतेक वेळा तो खराच असे. या एका वेळी त्यांनी सरकारवर खोटा आळ घेतला होता, आणि तो माझ्यासाठी. मी त्या आळाच्या आड गप्प बसू शकत होते. ते सोपं होतं. दिल्ली काही जळगावला येऊन खुलासा करणार नव्हती.

मी वाचायला लागले. वटवृक्षाशी आले तेव्हा माझा आवाज बारीक झाला. अक्का बोट ठेवून माझ्याबरोबर ओळी बघत होती. ‘पंप’ हा शब्द तिने माझ्या आधी ओळखला आणि बोट तिथेच ठेवलं. मग पुढे पाहिलं, मागे पाहिलं.

‘‘मनं वाक्य कोठे शे?’’

‘‘नाही आलं, अक्का.’’

‘‘कोनी कापं?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं. ‘‘दिल्लीने नाही. नाना मला वाचवायला तसं म्हणाले. मी इथेच, या टेबलावर कापलं.’’

तिने टेबलाकडे पाहिलं. ‘‘काबर?’’

‘‘मला वाटलं, एवढ्या मोठ्या ठिकाणी पंप आणि पाना बरं दिसणार नाही.’’

मग तिने साध्या चौकशीच्या आवाजात विचारलं, ‘‘तू पानी कोठून भरस?’’

‘‘नळाला येतं. सकाळी.’’

‘‘हां,’’ ती म्हणाली.

त्या ‘हां’मध्ये राग असता तर मी माझी बाजू मांडली असती, पाच मिनिटांचा हिशोब सांगितला असता. तिला फक्त माहिती हवी होती आणि ती मिळाली होती. इतकी वर्षं मुलांच्या वह्यांवर ‘विषय समजलेला नाही’ असा शेरा मी लिहीत आले होते. तो शेरा आपल्याला कोणी देऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, आणि वाटाण्यांमुळे डोळ्यांत पाणी आलं असंही म्हणता येईना.

अक्काने कागदाची घडी घातली आणि तो कमरेच्या पिशवीत ठेवला. मला वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही. उलट मांडी सारखी करून बसली.

‘‘बरं शे,’’ ती म्हणाली. ‘‘माले वाटनं दिल्लीनी कापं. दिल्लीनी कापं आसतं ते मी काय करतू? तू ते आठलीच शे, जळगावनी. कागद ले. लिख.’’

‘‘कोणाला लिहू? नानांना?’’

‘‘नानाले नही, दिल्लीले बी नही. ठराव लिख. आम्हना गावना.’’

मी वाटाणे बाजूला केले आणि वहीतला कागद फाडला. सवयीने सुरुवात केली : ‘सदर ग्रामसभा सर्वानुमते असे ठरवीत आहे की, सदर हातपंप...’

‘‘सदर काय शे?’’

‘‘सदर म्हणजे तो. तोच तो.’’

‘‘मंग तो लिख.’’

मी सदर खोडलं. ती सांगत गेली, मी मराठीत उतरवत गेले आणि दर ओळीला ती वाचून दाखवायला लावत गेली. जिथे माझं काही जास्तीचं घुसलं तिथे ती बोट ठेवी. ठराव चार ओळींचा झाला. आमच्या गावचा पंप बिघडला तर आम्हीच खोलू. गावचा माणूस तो दुरुस्त करील. पाना पंचायतीत राहील. आम्ही कोणाची वाट पाहणार नाही. आयुष्यात मी इतकं सरळ काही लिहिलं नव्हतं आणि त्यात माझं एक अक्षर नव्हतं.

मला भीती वाटत होती, ती मी बोलून दाखवली. ‘‘अक्का, पुन्हा नोटीस आली तर?’’

‘‘त्या येळले सरपंच एकला व्हता,’’ ती म्हणाली. ‘‘बठ्ठा गावले कितल्या नोटिसा धाडतीन?’’

मग तिने खाली सह्यांसाठी जागा सोडायला सांगितली. मी सरपंचाची आणि सभासदांची मिळून सात-आठ सह्या बसतील एवढी जागा सोडली आणि कागद तिच्याकडे दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरून लांबवर नेऊन पाहिला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

‘‘इतलीशी जागा काय करू?’’ ती म्हणाली. ‘‘पानी भरनाऱ्या बठ्ठ्या बाया सही करतीन.’’

मी वहीतून दुसरा कागद फाडला, आणि मग तिसरा.